काकवीतला सूर्य

लोखंडी तबकात ओतलेली काकवी निवांत व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. पाणी झुळकेसरशी शहारतं. काकवी जड, एकदा बसली की बसली. त्या काळ्या तबकात दुपारचा सूर्य उतरला होता. मी गुडघे टेकून, डोळ्याला सेक्स्टंट, म्हणजे कोन मोजायचं आरशांचं उपकरण, लावून आकाशातला सूर्य आरशाच्या वाटेने खाली आणत होतो. दोन्ही बिंबांच्या कडा एकमेकींना टेकल्या की "आत्ता!" म्हणून ओरडायचं. मागे बसलेला मुलगा त्या क्षणाची वेळ टिपणार, मग मी चापावरचा कोन वाचणार, तो तोच आकडा मोठ्याने परत म्हणणार आणि त्यानंतरच वहीत उतरवणार. आजच्या घड्याळात पाऊण वाजून गेला होता. सूर्याचे मात्र आत्ता कुठे बारा वाजत होते.

कोलोरॅडोच्या आग्नेय भागात, ला हुंटा गावाजवळ, आर्कन्सॉ नदीच्या उत्तर काठावर बेंट्स ओल्ड फोर्ट आहे. आपल्याकडच्या माणसाला एका शब्दात सांगायचं तर गढी. कच्च्या विटांच्या जाड भिंती, मधे मोठा चौक, चौकाभोवती ओळीने खोल्या, वर धाबं, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर गोल बुरूज. १८३३ च्या सुमारास चार्ल्स आणि विल्यम हे बेंट बंधू आणि त्यांचा भागीदार सेराँ सेंट व्रेन यांनी ती व्यापारासाठी बांधली. शायान आणि अरापाहो या मूळ अमेरिकी जमातींचे लोक बायसनची कातडी घेऊन इथे येत, तेव्हा मेक्सिकोत असलेल्या सांता फेकडे जाणारे तांडे इथे थांबत. तेव्हा नदीच्या या काठावर अमेरिका संपत होती आणि पलीकडच्या काठापासून मेक्सिको सुरू होत होता. सरहद्द म्हणजे ही एवढी नदी.

याच गढीत एका शनिवार-रविवारी आम्ही सात जण १८४६ सालचे लष्करी मोजणीदार होऊन राहिलो. त्याआधीचे चार महिने तयारीत गेले. ते सगळंच इथे सांगतो आहे.

माझे वडील, अण्णा, सातारा जिल्ह्यात भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. गावात त्यांना सगळे सर्वेअरसाहेब म्हणत. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर मोजणीला जायचो. बांधावर दोन भाऊबंद तोंडं फिरवून उभे असायचे, मधे अण्णा टेबल लावून बसलेले. माझं काम साखळीचं टोक धरायचं. पुढे मी इंजिनिअर झालो, इकडे आलो, पाण्याच्या मोठ्या नळांची आखणी करतो. माझी मापं उपग्रहावरून येतात. ती चुकत नाहीत, पण ती मी घेतलेली नसतात, आणि ही गोष्ट मला बरीच वर्षं टोचत होती. म्हणून एका ग्रंथालयात जुन्या काळचे मोजणीदार होऊन दाखवणाऱ्या या गटाचं पत्रक दिसलं तेव्हा मी त्याच रात्री त्यांना लिहिलं.

आमचा प्रमुख शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. त्याला सगळे लेफ्टनंट म्हणतात. पहिल्याच भेटीत त्याने मला या दलाचा इतिहास सांगितला. अमेरिकी लष्करात टोपोग्राफिकल इंजिनिअर्सचं स्वतंत्र दल ५ जुलै १८३८ ला झालं आणि १८६३ साली ते इंजिनिअर्सच्या मुख्य दलात परत मिसळलं. मिसिसिपीच्या पश्चिमेचा अफाट मुलूख कागदावर आणण्याचं मोठं काम या पंचवीस वर्षांत झालं. दल केवढं? सुरुवातीला छत्तीस अधिकारी. शिपाई नाहीतच. साखळी ओढायला, वायुभारमापक जपायला, खेचरं हाकायला माणसं जागोजागी रोजावर घ्यायची. त्यांत कॅनडाचे फ्रेंच असत, मेक्सिकन असत, डेलावेर जमातीचे लोक असत; याच दलातल्या जॉन फ्रेमाँटच्या पश्चिमेकडच्या मोहिमांत जेकब डॉडसन नावाचा स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुण होता.

मी कोण व्हायचं हा प्रश्न मला स्वतःला पडला होता. १८४६ साली या नदीकाठी महाराष्ट्रातून आलेला कोणी नव्हता. चेहऱ्याच्या रंगावरून मेक्सिकन किंवा शायान म्हणून उभं राहणं मला पटणारं नव्हतं; ती माणसं आजही आहेत, त्यांचा भूतकाळ त्यांचा आहे. शेवटी असं ठरलं की मी रोजावरचा मदतनीस. लोक आले की नाटकातल्यासारखं पात्रात शिरून बोलायचं नाही. अंगावर तेव्हाचे कपडे, हातात तेव्हाची उपकरणं, पण बोलायचं आजचा माणूस म्हणून. या क्षेत्रात दोन्ही पद्धती चालतात. मला दुसरी जवळची वाटली, आणि लेफ्टनंटनेही काही हरकत घेतली नाही.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. अधिकाऱ्यांच्या गडद निळ्या कोटावर पितळी बटणं, बटणावर गरुड आणि खाली जुन्या वळणाची टी आणि ई ही अक्षरं. माझ्या वाट्याला जाड सुती सदरा, पट्ट्यांवर तोललेली लोकरी विजार, लोकरी बंडी, रुंद काठाची टोपी आणि लाकडी खिळे मारलेले चामड्याचे बूट. बटणांची काजं हाताने करायची अट होती. सोळा काजं केली तेव्हा बोटं सुजली होती. आजचा चष्मा चालत नाही, म्हणून गोल तारेच्या चौकटीत काचा बसवून घेतल्या. हातातलं घड्याळ आणि मोबाइल तंबूतल्या पेटीत.

खरी तयारी होती ती वाचनाची आणि हिशेबाची. लेफ्टनंटने मला जेम्स ॲबर्टचा अहवाल दिला, आणि त्या अहवालाने मला असं धरलं की माझं ऑफिसचं काम मागे पडायला लागलं.

जेम्स विल्यम ॲबर्ट हा दलाचे प्रमुख कर्नल जॉन जेम्स ॲबर्ट यांचा मुलगा. १८४५ साली तो फ्रेमाँटबरोबर बेंटच्या गढीत आला, तिथून लेफ्टनंट पेकला घेऊन कॅनेडियन नदीच्या खोऱ्याची पाहणी करत गेला. वाटाड्या होता टॉमस फिट्झपॅट्रिक. पुढच्या वर्षी मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं आणि जनरल कर्नीची फौज सांता फेच्या रोखाने निघाली. फौजेबरोबर मोजणीदारांची तुकडी होती, तिचा प्रमुख लेफ्टनंट विल्यम एमरी. ॲबर्टही त्यात होता, पण वाटेतच तो तापाने आडवा झाला. बेंटच्या गढीत त्याला ठेवून फौज ऑगस्टच्या सुरुवातीला पुढे गेली. एमरी मोजत मोजत कॅलिफोर्नियापर्यंत पोचला. आणि हा पंचवीस वर्षांचा आजारी अधिकारी गढीत मागे राहिला.

अंगात उठण्याइतकी ताकद आली तसं त्याने काय केलं? झाडं-पाखरांची चित्रं काढली, शायान लोकांकडून त्यांच्या भाषेतले शब्द टिपून घेतले आणि गढी मोजली. भिंती, खोल्या, दारं, बुरूज. एका व्यापाऱ्याच्या मातीच्या घराची मापं फौजेला हवी होती म्हणावं, तर फौज केव्हाच पुढे गेली होती. समोर होतं आणि त्याला मोजता येत होतं, म्हणून त्याने मोजलं.

१८४९ साली बेंटने गढी सोडली. माती मातीत मिळाली, गुरं त्यावर चरली. १९७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे आणि कोलोरॅडो राज्याला शंभर वर्षं होताना, राष्ट्रीय उद्यान खात्याने गढी त्याच जागी पुन्हा उभी केली. उत्खननात सापडलेला पाया आणि ॲबर्टची मापं आणि चित्रं, यांच्या आधाराने. ज्या भिंतीला टेकून मी काकवी ओतत होतो ती भिंत एका आजारी माणसाच्या वहीतून वर आलेली आहे.

हे वाचलं त्या रात्री मी अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "आपली टिपणं तरी काय वेगळी? शंभर वर्षांपूर्वीच्या टिपणावरूनच हद्द कायम करतो की आपण."

शनिवारी सकाळी पहिलं काम साखळीचं. लेफ्टनंटने पोत्यातून गंटरची साखळी काढली: ६६ फूट, १०० कड्या, दर दहा कड्यांना पितळी बिल्ला. ८० साखळ्यांचा एक मैल, १० चौरस साखळ्यांचा एक एकर. मी ती हातात घेतली आणि सवयीने मधोमध दुमडली. निम्मी म्हणजे ३३ फूट. आमच्याकडची शंकूसाखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. तिचा एक चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. इंग्रजी मोजणीने १८३० च्या दशकात इंदापुरापासून सुरुवात करून पुढे पुणे-साताऱ्याचे डोंगरउतार ज्या मापाने मोजले, तेच माप दुप्पट होऊन माझ्या हातात होतं. मी हे गटाला सांगितलं. त्यातल्या एका तरुणाने वहीच्या मलपृष्ठावर 'गुंठा' हा शब्द माझ्याकडून देवनागरीत लिहून घेतला.

साखळी ओढायला दोघं लागतात. पुढचा टोक घेऊन चालतो, मागचा डोळ्याने रेषा धरून त्याला "डावीकडे, अजून डावीकडे" करत सरळ आणतो, साखळी झटकून ताणायची, टोकाशी लोखंडी सुई रोवायची, पुढे. मागचा सुया गोळा करत येतो. त्याच्या हातात किती सुया तेवढ्या साखळ्या झाल्या. यात विसरायची सोय नाही, कारण मोजणी डोक्यात नसते, हातात असते. लहानपणी मी ते टोक शेकडो वेळा धरलं होतं, पण सुयांचं हे गणित मला छत्तीस वर्षांनी नदीकाठी उमगलं.

बाहेरच्या भिंती झाल्यावर चौकातल्या खोल्या घेतल्या. तोवर फाटकातून लोक यायला लागले होते. एका शाळेची मुलं होती, त्यांना साखळी धरायची होती. माझ्या जोडीदाराने ती मुलांच्या हातात दिली, मी एकटाच वाचायला आणि लिहायला बसलो. पूर्वेकडच्या एका खोलीची आतली लांबी मी ६७ कड्या लिहिली. नंतर शंका आली, पुन्हा लावून पाहिलं तर ६२. बिल्ल्यापासून पुढे मोजायच्या कड्या मी उलट बाजूने मोजल्या होत्या. घाईत होतो, मुलं प्रश्न विचारत होती. मी खिशातलं रबर काढून ६७ पुसलं आणि ६२ लिहिलं. पान पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं.

मग दुपारचा सूर्य. समुद्रावर खलाशाला क्षितिज मिळतं, आणि सूर्य क्षितिजापासून किती वर आहे एवढं मोजलं की झालं. माळावर क्षितिज उंचसखल असतं. म्हणून कृत्रिम क्षितिज करायचं: पाऱ्याची पसरट तबकडी, वर वारा अडवायला काचेचं छप्पर. स्थिर द्रवाचा पृष्ठभाग आपोआप सपाट असतो, त्यात दिसणारा सूर्य जितका खाली तितकाच खरा सूर्य वर. दोन्हींमधला कोन घ्यायचा आणि निम्मा करायचा. यात एक फार सुंदर गोष्ट आहे: कोन वाचताना झालेली चूकही निम्मी होते. पारा विषारी, लोकांत उघडा ठेवता येत नाही, म्हणून आम्ही काकवी वापरली. इथे ती दुकानात बाटलीत मिळते. झाकण काढलं आणि वासाने मी सरळ गावच्या गुऱ्हाळावर जाऊन पोचलो.

आम्ही सप्टेंबर का निवडला हेही याच कोनात आहे. या अक्षांशावर जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य ७५ अंशांवर चढतो. दुप्पट केलं की १५० अंश, आणि सेक्स्टंटचा चाप तेवढा जातच नाही. विषुवदिनाच्या आसपास सूर्य ५२ अंशांवर असतो, दुप्पट १०४, आरामात मावतो. उन्हाळ्यात माळावर फिरणारे हे अधिकारी अक्षांशासाठी रात्रीच्या ताऱ्यांवर इतके का विसंबत, ते मला चापाची लांबी पाहिल्यावर कळलं.

माझं सर्वांत मोठं वाचन आलं १०४ अंश १४ मिनिटं. त्यानंतर सूर्य उतरायला लागला. सावलीत बसून पंचांगासारखी छापील कोष्टकं उघडली. निम्मे केले: ५२ अंश ७ मिनिटं. हवेमुळे किरण वाकतो त्याचं पाऊण मिनिट वजा. नव्वदातून वजा, त्या दिवशीची सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं त्याचं कोनात मोजलेलं अंतर, २८ मिनिटं उत्तर, ती मिळवली. उत्तर आलं ३८ अंश २२ मिनिटं. लेफ्टनंटने पाहिलं आणि विचारलं, "कोणत्या कडेचा कोन घेतलास?" खालच्या. बिंबाची निम्मी जाडी, १६ मिनिटं, सूर्याच्या उंचीत मिळवायची राहिली होती. ती मिळवल्यावर अक्षांश तेवढाच उतरला, ३८ अंश ६ मिनिटं. गढीचा खरा अक्षांश ३८ अंश २ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर. कडेचा विसर पडला असता तर मी गढी ३७ किलोमीटर उत्तरेला नेऊन ठेवली असती; दुरुस्त करूनही ती साडेसात किलोमीटर सरकली. नकाशावर टेकडी चुकीच्या जागी पडली तर पुढच्या तांड्याला पाणी चुकीच्या जागी शोधावं लागतं. गार सावलीत बसूनही मला घाम आला होता.

रेखांशाचं काम याहून नाजूक. त्याला अचूक घड्याळ लागतं, कारण वेळेतल्या चार सेकंदांची चूक म्हणजे या अक्षांशावर जवळजवळ दीड किलोमीटर. गाडीच्या धक्क्यांनी, रात्रीच्या थंडीने घड्याळाची चाल बदलते. ती किती बदलली हे पुन्हा ताऱ्यांनाच विचारायचं. आमच्याकडे तेव्हाचं क्रोनोमीटर नव्हतं, म्हणून तो भाग आम्ही फक्त तोंडी समजावला.

उंची मात्र मी स्वतः काढली, पाणी उकळून. साध्या किटलीत पाणी, झाकणातून तापमापक. पाणी २०४ आणि २०५ फॅरनहाइटच्या मधेच उकळायला लागलं. समुद्रसपाटीला २१२. दर पाचशे फुटांना साधारण एक अंश धरला तर पावणेचार हजार फूट निघतात. गढी चार हजारांच्या आसपास आहे. उंची जवळजवळ महाबळेश्वराएवढी, पण चहूकडे सपाट माळ, एकही कडा नाही. उंची काढायला वायुभारमापक नेणाऱ्यांना काय सोसावं लागे, त्याची एक गोष्ट लेफ्टनंटने तेव्हा मुलांना सांगितली. १८४२ साली विंड रिव्हर पर्वतात फ्रेमाँटचा वायुभारमापक फुटला. त्याने बंदुकीच्या दारूचं शिंग घासून घासून पारदर्शक केलं, बायसनपासून केलेल्या सरसाने चिकटवलं आणि पारा परत भरून शिखराची उंची घेतली. मुलं ते ऐकताना अगदी गप्प होती.

रात्री ध्रुव घ्यायचा होता. थंडी पडली, आभाळ काळंभोर झालं. काकवी पुन्हा ओतली, आणि तिच्यात तारा दिसेना. मी तबकाभोवती पोटावर सरपटलो. तरी नाही. दिवसा सूर्याचा प्रकाश एवढा असतो की काकवीने त्यातला थोडासाच परत दिला तरी पुरतो. ध्रुवाकडे देण्याइतकं नसतं. पाऱ्यासाठी ही माणसं लोखंडी बाटली मैलोन्‌मैल का वाहत, ते मला तेव्हा पोटाखालच्या गार मातीवर कळलं. शेवटी लेफ्टनंटने तीन स्क्रूंवर बसवलेला आरसा आणला. पाणसळ लावून तो समतल करण्यात तास गेला. मग तारा सापडला. एक वाचन, दुसरं, तिसरं. आठ वाचनांची सरासरी, दुरुस्त्या करून, ३८ अंश ० मिनिटं. दुपारच्या सूर्यापेक्षा बरंच जवळ.

ध्रुवाला आपण अढळ म्हणतो. कोष्टकं तसं म्हणत नाहीत. १८४६ साली तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे दीड अंश दूर होता, आज पाऊण अंशाहूनही कमी. ॲबर्ट-एमरीच्या ध्रुवाला माझ्या ध्रुवापेक्षा दुपटीहून मोठी दुरुस्ती लागत होती. लहानपणी आईने दाखवलेला तारा आणि हा तारा एकच, पण त्याच्याकडून आकडा घ्यायचा तर तो किती हललाय हे आधी विचारावं लागतं.

रविवारी सकाळी गाडीच्या चाकाला लाल चिंधी बांधून नदीकाठची वाट मोजली. आमच्या चाकाचा घेर १२ फूट, म्हणजे ४४० फेऱ्यांचा मैल. दोन मैल, ८८० फेऱ्या, दर वळणावर होकायंत्राचा कोन. यात सांगण्यासारखं फारसं नाही. फक्त एवढंच की पाचशेच्या पुढे माणसाला चिंधीशिवाय काही दिसत नाही. एमरीच्या गाडीच्या चाकाला फेऱ्या मोजणारं यंत्र होतं. ते तो का घेऊन गेला, हे विचारायची गरज उरली नाही.

दुपारी चौकात टेबल टाकून नकाशा काढायला बसलो. तेव्हा उंची दाखवायला सहसा समोच्च रेषा वापरत नसत. उताराच्या दिशेने बारीक रेघा ओढायच्या, चढ जितका उभा तितक्या त्या दाट. नदीचे दोन काठ, वाट, गढी, वाळूच्या टेकड्या. पलीकडे जिथे गेलोच नव्हतो तिथे कागद कोरा ठेवला. फ्रेमाँटसोबतच्या चार्ल्स प्रॉइसने १८४५ चा नकाशा असाच केला आहे, पाहिलं तेवढंच काढलंय, बाकी मोठमोठे पांढरे पट्टे. मला तो नकाशा त्या पांढऱ्या जागांसाठी आवडतो.

तेवढ्यात एक कुटुंब टेबलापाशी आलं. पन्नाशीचा माणूस, त्याची आई, दोन मुली. ते ओक्लाहोमाहून आले होते, शायान होते. त्याने नकाशा नीट पाहिला, रेघांचं कौतुक केलं. मग त्याच्या आईने बोट नदीच्या वरच्या वळणावर ठेवून विचारलं, "आमचे तंबू इथे असायचे. ते कुठे आहेत?"

ते नव्हते. आम्ही चाललो त्या वाटेवर तंबू नव्हते, म्हणून कागदावर नव्हते. मी तसं सांगितलं. तिने मान हलवली. लेफ्टनंट म्हणाला की ॲबर्टने इथल्या शायान लोकांची चित्रं काढली आणि त्यांची नावं लिहून ठेवली, पण एमरी ज्या फौजेबरोबर मोजत गेला, तिच्यामागून जे लोक आले, त्यांनी ही नदी तुमच्याकडून घेतली. तो हे सरळ बोलला. दोघी मुली साखळी ओढू लागल्या. आजी बराच वेळ टेबलाशी बसून राहिली. जाताना म्हणाली, "सँड क्रीकला जाऊन ये."

सोमवारी घरी जायच्या ऐवजी मी तिकडे गाडी घेतली. सव्वा-दीड तासाची वाट. २९ नोव्हेंबर १८६४ ला कर्नल जॉन चिव्हिंग्टनच्या स्वयंसेवक फौजेने तिथे शायान आणि अरापाहोंच्या तळावर पहाटे हल्ला केला. दोनशेच्या वर माणसं मारली गेली, त्यांत बहुतेक बायका, मुलं, म्हातारी. गढी बांधणाऱ्या विल्यम बेंटची बायको शायान होती, आउल वुमन. तिचा मुलगा जॉर्ज त्या तळावर होता, जखमी होऊन वाचला. दुसरा मुलगा रॉबर्ट याला फौजेने जबरदस्तीने वाटाड्या करून आणलं होतं.

पुढे त्या जागेचा नेमका ठावठिकाणा हरवला. बरीच वर्षं ओढ्याच्या कोणत्या वळणावर हे झालं याबद्दल वाद होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हाताऱ्या जॉर्ज बेंटने आठवणीने तळाचे नकाशे काढले होते, कोणाचे तंबू कुठे होते ते दाखवणारे. आणि १८६८ साली सॅम्युअल बॉन्सॉल नावाच्या पायदळातल्या लेफ्टनंटने प्रवासाच्या वाटेचा नकाशा करताना ओढ्याच्या एका जागी लिहून ठेवलं होतं: चिव्हिंग्टनचं हत्याकांड.  १९९० च्या दशकाच्या अखेरीला शोध सुरू झाला तेव्हा हे नकाशे, जमातींच्या घरांतून चालत आलेल्या आठवणी आणि जमिनीत सापडलेल्या गोळ्या-भांडी यांच्या मेळातून जागा ठरली. आज तिथे राष्ट्रीय स्मारक आहे. मी कड्यावर उभा राहिलो, खाली कॉटनवुडची झाडं पिवळी पडायला लागली होती. तिथे मी काहीही मोजलं नाही.

घरी आल्यावर वहीच्या सगळ्या पानांचे फोटो अण्णांना पाठवले. ते आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण फोटो मोठा करून पाहायला शिकलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मला वाटलं ध्रुवाचं विचारतील, काकवीचं विचारतील.

"ती पूर्वेची खोली," ते म्हणाले. "बासष्टच्या खाली कागद खरवडलाय. तिथं काय होतं?"

मी सांगितलं. मुलं होती, घाई होती, चुकीचा आकडा होता, पुसला.

"चुकीचा होता हे तू ठरवलंस. उद्या कुणी तिसरा तिथं साखळी लावंल आणि त्याला सदुसष्ट मिळालं, तर त्यानं काय समजायचं? खोली वाढली? मोजणीत खोडायचं नाही रे कधी. रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे." थोडं थांबून म्हणाले, "आणि वाचणारा न् लिहिणारा एकच होता ना तिथं?"

"हो अण्णा."

"मग तेही लिही. वही जवळ आहे का? घे."

मी वही उघडली. खरवडलेल्या जागेशेजारी ६७ लिहिलं, त्यावर एक आडवी रेघ मारली, समासात कारण लिहिलं, वाचणारा आणि लिहिणारा एकच होता असंही लिहिलं. खाली सही आणि त्या दिवसाची तारीख घातली. फोटो काढून पाठवला. पलीकडून बराच वेळ फक्त श्वास ऐकू येत होता. ते बोटांनी फोटो मोठा करून पाहत असणार.

"हां," अण्णा म्हणाले. "आता पुढचं पान दाखव."